तीन चमचे साखर

प्रिय भाऊ,

नाही. निकाल मी बदलणार नाही. काल फोनवर तू ओरडलास, बेचाळीसपैकी सदतीस जणी नापास कशा होतील, आणि माझं ऐकायच्या आत फोन ठेवलास. बायका नापास झालेल्या नाहीत. तुझं मधुमेहाचं पत्रक नापास झालंय. ते लोकांना समजतं का, एवढंच तपासायचा पगार हा आरोग्य प्रकल्प मला देतो.

मी देवपूरला तुझ्या दाराच्या पायरीवर बसून लिहितेय. सकाळच्या बसने जळगावहून आले. तू कॉलेजात, दाराला कुलूप. दोन वाजता मीटिंग आहे. तिथे पत्रक पास झालं, की चाळीस हजार प्रती गावोगाव जाणार.

तू म्हणालास, मेहरूणच्या विहारात तर सगळ्यांना समजलं होतं, आईनेच सांगितलं. खरंय, मी तिथेच होते. वर्षावासात ग्रंथ वाचते तसंच आईने तुझं पत्रक वाचलं. पांढरी साडी, खणखणीत आवाज. 'अल्परक्तशर्करेची लक्षणे आढळल्यास ग्लुकोजयुक्त पदार्थांचे त्वरित सेवन करावे' हेसुद्धा एका दमात, कुठे अडखळणं नाही. बायका डोक्यावर पदर घेऊन चिडीचूप. संपल्यावर सगळ्यांनी हात जोडले आणि म्हटलं, साधू, साधू, साधू. मग मी फॉर्म काढला. समजलं का? समजलं. बेचाळीस वेळा होय. रुक्माक्काच्या प्राध्यापक मुलाने लिहिलेलं, रुक्माक्कानेच वाचलेलं, तेही विहारात. नाही समजलं असं कोण म्हणणार? वाचन चालू असताना आपल्याकडे मधे कोणी प्रश्न विचारलाय कधी? मी तरी कुठे विचारलाय.

पुढचे दोन रविवार मी पुन्हा गेले. या वेळी फॉर्म नेलाच नाही. विहाराच्या स्वयंपाकघरातलं सामान घेतलं, साखरेचा डबा, मीठ, चमचा, पाण्याचा तांब्या, आणि एकेकीला एकटीला बसवलं. म्हटलं, समजा शेजारणीला शुगर आहे, इंजेक्शन घेते. आज तिला जेवायला उशीर झाला. दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, काहीबाही बरळतेय. पत्रक तुमच्या हातात आहे. सांगू नका, करून दाखवा. कोणी पदराने वारा घातला. कोणी मीठपाणी कालवलं. शिल्पाताई बीए झालेली, ती पत्रक दोनदा वाचून रिक्षा बघायला उठली. पारोळ्याकडच्या कुंदाबाईने आल्या आल्या साखरेचा डबा उचलला. मला वाटलं, जमलं हिला. तिने तो नेऊन आपल्या पिशवीमागे लपवला. मी विचारलं, अक्का, हे काय? तर मीच वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाली, "शुगरवालीले साखर दीसन मारानं शे का?"

साखर देऊन मारायचं का, असं विचारलं, काय चुकलं तिचं? तुझ्या पहिल्या पानावर लाल ठळक अक्षरात आहे, साखर वर्ज्य. आणि कधी साखर द्यायची ते मागच्या पानावर, तळाला, आणि तिथे साखर हा शब्दच नाही. पाच जणींनी साखर दिली. त्यातल्या तिघींच्या घरी हे आधी घडून गेलेलं. त्यांना तुझ्या पत्रकाने शिकवलेलं नाही.

भाषा इतकी खाली आणायची का, असं तू विचारलंस. भाऊ, वाक्य वळवून वळवून लिहायची खोड मला तुझ्यामुळेच लागली, आणि ती मला आवडते. पण माझ्या कथा नाही समजल्या म्हणून कोणी मरत नाही.

आणि हे डब्याचं नाटक मला सुचलं कुठून, हाही तुझा प्रश्न होता. सुचलं नाही, घडलं. आईच्या त्या वाचनानंतरच्या मंगळवारी मी दुपारी घरी आले, तर ती ओट्याखाली बसलेली, पाठ भिंतीला, ब्लाउज घामाने चिंब. इंजेक्शन घेतलेलं, ताट झाकलेलं तसंच. झुंबर, झुंबर अशी कोणाला तरी हाक मारत होती. समोर कपाटाच्या काचेवर तुझं पत्रक, आलं त्या दिवसापासून चिकटवलेलं. मी साखरपाणी नेलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाली, "नको. प्रशीलने लिहिलंय." हातापाया पडून एकेक चमचा पाजला. पंधरा-वीस मिनिटांनी तिने मला ओळखलं, आणि लगेच शपथ घातली, भाऊला सांगू नको, त्याला वाईट वाटेल. ती शपथ मी आज या पायरीवर मोडली. त्या बेचाळिसांत आई नाही. तिला धरलं, तर सदतीसच्या अडतीस.

मीटिंगमध्ये मी आईचं नाव काढणार नाही. फक्त आकडे ठेवेन आणि नवा मजकूर. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात: 'घाम, थरथर, बरळणं? शुगर असली तरी आधी साखर. तीन चमचे, पाण्यात. माणूस शुद्धीत असेल तरच. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखाना.' हा मजकूर हातात देऊन फैजपूरला तीस जणींसमोर एकेक करून डबा ठेवला. अठ्ठावीस जणींनी साखर दिली. खाली लेखक म्हणून तुझंच नाव ठेवलंय. माझ्या नावाने लिहिलेलं आई वाचेल. तुझ्या नावाने लिहिलेलं ती पाळते.

रिक्षा आलीय. पत्र दाराखालून सरकवते. पाचपर्यंत माझा फोन बंद आहे.

तुझीच,
प्रज्ञा