अर्थिंगचं पाणी

२७ ऑगस्ट, दुपार

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. वही रोज लिहितो. कॉलेजात काय शिकवलं, टँकर आला का, कुणावर उगाच चिडलो, सगळं त्यात असतं. तुम्ही मात्र त्यात कधी आला नाहीत. मी येऊ दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं. आज लिहायला बसलोय तेही धीर आला म्हणून नाही, थकलोय म्हणून. श्रावण कोरडा गेला. अंबाजोगाईत नळाची वाट बघता बघता माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. आणि उद्या सकाळी आपल्या गावच्या दूध सोसायटीची वार्षिक सभा आहे, तिथं भाषणांच्या आधी मला गिटार वाजवायची आहे. लाउडस्पीकर तुमच्या मुलाचा, पूर्वी तुमचा असायचा तसा.

गिटार नवीन आहे. जुनी अख्ख्या लाकडाची होती, तिची छाती मे महिन्यात सरळ उभी तडकली. आपल्या हवेत लाकूडसुद्धा पाणी मागतं. म्हणून लातूरच्या दुकानात मी प्लायची मागितली. दुकानदार म्हणाला, "सर, प्लायचा आवाज गरीब असतो." मी म्हटलं, टिकतो ना. मोठ्या पोटाचीही घेतली नाही, ती भोंग्यासमोर लगेच शिट्टी मारते. खरा प्रश्न पिकअपचा होता. तुम्ही त्याला गिटारचा कान म्हणायचात. तारांचं ऐकून तो वायरीतून मशीनला सांगतो. तीन कान समोर ठेवले होते. एक लाकडावर चिकटवायचा, त्याला बोट टेकलं तरी दार ठोठावल्यासारखं ऐकू येई. दुसरा तारांखालच्या हाडाच्या पट्टीखाली बसणारा, बॅटरीवरचा. आवाज स्वच्छ, पण पत्र्यावर हरभरे सांडावेत तसा कोरडा, आणि तो बसवायला गिटारला भोक पाडावं लागणार. तिसरा मधल्या गोल तोंडात अडकवायचा, आत तारेच्या दोन गुंडाळ्या. एकीची हमिंग, म्हणजे ती न वाजवताही येणारी घूंऽ, दुसरी खाऊन टाकते. तिन्ही मी तुमच्या पद्धतीनं पारखले. वायर जोडली, आवाज वाढवला आणि तारांवर हात ठेवून गप्प बसलो. दुकानदाराला राहवेना. "ओ सर, वाजवा की! गिटार घ्यायला आलात का ध्यानाला बसलात?" मी हसलो. तुमचं वाक्य त्याला सांगितलं नाही. "वाजवल्यावर समदीच चांगली वाटत्यात बे. न वाजवता ऐक, मंग कळतं आत काय हाय." लग्नात बेंजो वाजवणारा, त्याला स्वतःच्या हातानं पिकअप बसवणारा माणूस मला हे सांगत होता, आणि मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा, मला ते अडाणीपणाचं वाटत होतं.

त्या वर्षीच्या सभेलाही असंच होतं, चाचा. सोसायटीत दूध येईना, कॅन उन्हात पालथे पडलेले, टँकर चौथ्या दिवशी. सभासदांना प्यायला म्हणून ओसरीवर एक लहान निळा ड्रम भरून ठेवलाय, वर ओलं पोतं. तुम्ही भोंगे बांधलेत, माइक उभा केलाय. मी माझी गिटार जोडतो आणि भोंग्यांतून एवढी हमिंग निघते की मांडवातले म्हातारे कानावर हात ठेवतात. तुम्ही मागच्या भिंतीजवळ जाता, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती चिमटीत घेऊन सोडता. ती धुरळा होऊन उडते. "अर्थिंग मेलंय. जमीनच सुकली तर करंट जाईल कुठं?" खड्डा भिजवला की अर्थिंग जिवंत होतं, एवढं मला माहीत आहे. मी ड्रमकडे बघतो. तुम्हाला कळतं. "न्हाई. पेयाचं पानी हाय ते. गिटार न्हाई वाजली तर कोन मरतंय का?" एवढं म्हणून तुम्ही नमाजाला जाता, आणि मी दोन बादल्या भरून त्या खड्ड्यात ओततो. जमिनीनं ते पाणी कसं ओढलं ते मला अजून दिसतं. आवाज करत ओढलं.

हमिंग गेली. मी वाजवलं, टाळ्या पडल्या. मग कोस-दीड कोसावरून दुधाच्या अर्ध्याच भरलेल्या किटल्या घेऊन चालत आलेल्या बाया पाणी प्यायला उठल्या आणि ग्लास ड्रमच्या तळाला खरडला. सेक्रेटरी मागं गेले, ओला खड्डा बघितला, आणि भर मांडवात तुमच्यावर ओरडले, "चाचा, कुनाला इचारून ओतलं? कावून ओतलं?" तुम्ही नुकतेच परतला होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी गिटारची वायर गुंडाळत होतो, गुंडाळत राहिलो. "मीच ओतलं, सायेब. चुकलं माझं." पुढच्या सभेपासून सोसायटीचं काम तुम्हाला मिळालं नाही. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. भोंगे उतरवताना एवढंच म्हणालात, "वाजवलंस चांगलं, बे." शिवी दिली असतीत तर आतापर्यंत विसरलो असतो.

परवा तुमच्या मुलाकडे गेलो होतो. नवा सेक्रेटरी भला आहे, त्यानं मुलाला पुन्हा काम दिलंय. मी नवीन गिटार जोडून दाखवली. तो कान देऊन ऐकत राहिला. "लई गप हाय ओ सर ही!" मला बरं वाटलं. म्हटलं, मग सभेला खड्ड्यात पाणी नको ना लागायला? तो हसला. "गिटारला न्हाई लागत. पर माइकाचा झटका बसंल की चेअरमनच्या ओठाला! पानी लागतंच. मी घरूनच नेतो कॅन. सोसायटीच्या पान्याला आमी हात लावत न्हाई. गावात अजून ड्रमवालेच म्हनतेत आमाला." आणि तो पुन्हा हसला, सवयीनं हसतात तसा. त्याच्या दारात घागरी रिकाम्या होत्या. मी चहा पिऊन निघालो.

गिटार घेतली त्या दिवशी मी वहीत लिहिलंय की दोन गुंडाळ्यांचा पिकअप गोड आवाजासाठी घेतला. तीनदा वाचलं, ते खरं नाही. त्या खड्ड्याजवळ पुन्हा जायला लागू नये म्हणून घेतला. तुमचीच परीक्षा स्वतःला लावून बघितली, काही न वाजवता बसून राहिलो, तर आतली हमिंग तशीच आहे. हे पत्र वहीतच राहील. तुम्हाला यातलं नवीन काहीच नाही, तुम्ही तेव्हाच ओळखलं होतंत. ज्याला माहीत नाही तो उद्या मांडवात वायरी ओढत असेल.

उद्या : घरून एक घागर भरून न्यायची, आणि ती खड्ड्यात ओतायच्या आधी तुमच्या मुलाला सांगायचं.