पदरच्या पैशानं छापलेली पुस्तकं

कुसाताईला पुंजाचा पाया पडून नमस्कार.

नाशकात मी मजेत हाय. दाजींचा खोकला गेला का?

तुझ्या गोष्टी छापाव्यात का, असं विचारलंस. म्हणून आमच्या छापखान्यात लोकांनी पदरच्या पैशानं छापलेली नवी पुस्तकं वाचली. शिसारी आली बघ! रहस्यकथेतला खुनी स्वप्नात सापडतो. कवितेत नुसतं हाय हाय. वैद्याच्या पुस्तकात सगळ्या रोगांना त्याचंच चूर्ण! अन् जो तो लिहितो, 'मित्रांच्या आग्रहास्तव'. असले मित्र गोदेत बुडवावेत. वैद्याच्या पुस्तकाला मी रहस्यकथेचं कव्हर लावलं, तर हातोहात खपलं! मालक अजून ओरडतोय.

तुझी विहिरीची गोष्ट छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जमीलभाईंना वाचून दाखवत होतो. मधेच मालकानं हाक मारली. मी उठलो, तर जमीलभाईंनी सदराच धरला. "बस रे! सून वर आली का, ते सांग आधी!"

छापायचंच, ताई.

तुझा खोडकर भाऊ,
पुंजा