जाऊबाईंचं काय करायचं?

प्रिय भाऊजी,

अक्षर तुमच्या दादांचं आहे, शब्द माझे आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेली बावीस वर्षं वर्षाकाठी माझं म्हणून जे पत्र तुम्हाला येतं ना, 'इकडे सर्व ठीक, तिकडेही असावे', ते माझं नव्हेच. मी आपली अर्धा अर्धा तास बोलत बसायची आणि हे लिहायचे दोन ओळी. मला वाटायचं, बोललेलं कागदावर उतरलं की आक्रसत असेल, पहिल्या धुण्यात कापड आक्रसतं तसं. मागच्या वर्षी पाकीट चिकटवायच्या आधी शेजारच्या मास्तरीणबाईंना वाचायला दिलं, तेव्हा चोरी पकडली गेली. म्हणून या वेळी अट घातलीय. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मग मास्तरीणबाई मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि एक जरी शब्द गाळलेला सापडला तर उद्यापासून स्वतःचा चहा स्वतः करायचा. तुमच्या दादांना चेपलेली गाडी अंड्यासारखी गोल करून देता येते, चहा करता येत नाही. आत्ता नाक फुगवून लिहिताहेत. म्हटलं, तेही लिहा.

तर कारण असं की, जाऊबाईंवर पाण्याची टाकी पडली.

आठवतं ना, जाऊबाई कोण ते? तुमचं लग्न जमत नव्हतं आणि तुम्ही रोज संध्याकाळी त्या जुन्या गाडीखाली पाठ टेकून पडलेले असायचात. तेव्हा मीच म्हटलं होतं, झालं, मला जाऊ मिळाली. दिसायला गोलमटोल आहे, आवाज मोठा आहे आणि घरातल्या कामाला हात लावत नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे खरी जाऊ आली, पण ती तिकडे तुमच्या गावी. माझ्या दारात छपराखाली उभी राहिली ती हीच.

टाकीच्या चौकटीचे पाय गंजले होते. मी सांगत होते, पण माझं ऐकतं कोण? मागच्या मंगळवारी दुपारी टाकी भरलेली असतानाच चौकट वाकली, टाकी गच्चीवरून सुटली, छपराचे पत्रे फोडून थेट जाऊबाईंच्या डोक्यावर. आता खरी गोष्ट ऐका. तुमचे दादा रोज जेवण झालं की त्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवे होतात. कमरेत टोचतं म्हणून रोज कुरकुर. डॉक्टरांनी पट्टा दिला, तेल दिलं, पलंगावर झोपा म्हणून सांगितलं. पण नाही, झोप येते ती तिथंच. त्या दिवशी मी चहाला हाक मारली. एरवी तीन हाका लागतात. मी खोटंच ओरडले, ओतून ठेवलाय हो, गार होतोय! पहिल्याच हाकेला उठले, अनवाणीच आले, दारात पोचले आणि मागे धडाम. चहा तर अजून उकळायचा होता. त्यावरून माझ्याशी भांडायला तोंड उघडलं ते तसंच उघडं राहिलं. एक चप्पल सापडली, दुसरी अजून गाडीतच कुठेतरी चेपून पडलीय.

गाडीचं छत बसलंय. डावा खांब वाकलाय, पुढची आणि खिडक्यांची काच साबुदाण्यासारखी सगळीकडे सांडली, दोन दारं उघडत नाहीत. इंजिनाला मात्र धक्का नाही. सुटे भाग विकणारा एक मिशीवाला येऊन गेला. त्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीत मिशीला पीळ दिला. म्हणाला, आजी, हिला उभी करण्यात अर्थ नाही. हिच्यासारख्या आणखी चार गाड्या कुठे कुठे उभ्या आहेत, त्यांना भाग मिळत नाहीत. एकीला दिवे जातील, एकीला दारं, एकीला इंजिन. मागची सीट तर लगेच हवीय एकाला, असं टाकेकाम आता कोण करतं म्हणाला. टाक्यांचं ऐकून मी घटकाभर फुगले, खोटं कशाला बोलू. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आहे. गाडीचे कागद तुम्हा दोघांच्या नावावर आहेत, म्हणून तुमचा होकार पाहिजे. एवढं एक कारण सांगितलं म्हणून तर हे लिहायला बसलेत. कामापुरतं लिहीन म्हणाले. म्हटलं, बसा तर खरं.

मिशीवाला वाईट बोलला नाही हो. मी दोन दिवस विचार केला. एका बाईचे दागिने चार लेकींत वाटले जावेत तसं आहे ते. चार गाड्या रस्त्यावर येतील, कुणाच्या तरी अंगणात पोरं हॉर्न वाजवतील. आपली नुसती छपराखाली उभी, बावीस वर्षांत चाक हललं नाही. नातवंडांनी त्यात बसून तोंडानं भुर्र केलं तेवढाच काय तो प्रवास.

पण मग मला ती आणली तो दिवस दिसायला लागतो. दोरी बांधून ओढत आणली होतीत. दार नव्हतं, गाडीच्या तळाच्या जागी जमीनच दिसत होती, आणि तुम्ही दोघं असे हसत होतात जणू काही हत्ती जिंकून आणलाय. तीन वर्षं लावलीत. गिऱ्हाइकांच्या गाड्या दिवसभर, आणि संध्याकाळचे दोन तास हिचे. पत्रा ठोकायचा असला की हे बाहेरून हातोडी घेऊन आणि तुम्ही आतून लोखंडाचा ठोकळा धरून. मध्ये पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही, तरी हातोडी पडायची तिथंच ठोकळा असायचा. मी मशीनवर बसून ऐकायची. टण, टक, टण, टक. एकदा चुकला नाहीत. एरवी जेवताना मीठ पुढे सरकवायचं तर दोघांची जुगलबंदी, पण पत्र्याला कधी वाकडी घडी पडली नाही.

सीटा माझ्या. लाल रेक्झिन, आत काथ्या, काठाला दुहेरी शिवण. मापाला मी वीत लावायची आणि खडूनं रेघ ओढायची, तर तुम्ही म्हणायचात, वहिनी, तुमची वीत कारखान्याच्या टेपपेक्षा खरी. तुम्हीच मला इंजिन शिकवलंत. अक्षर येत नाही म्हणून कधी हसला नाहीत. हाताला हात लावून दाखवायचात. हा पंखा, हा पट्टा, आणि हा कार्बोरेटर, वहिनी, हे गाडीचं नाक, इथून ती श्वास घेते. दोन नट, एक नळी, एक तार, दहाचा पाना असला की निघतो. माझ्याकडून चार वेळा काढून घेतलात, चार वेळा बसवून घेतलात. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग ते सोनेरी चष्म्याचं गिऱ्हाईक आलं. तुम्ही म्हणालात विकू, त्यातून लेथ घेऊ, आपलं गॅरेज मोठं करू. हे म्हणाले, पोटचं पोर विकतं का कुणी. तुमचं चुकलं नव्हतं, यांचंही चुकलं नव्हतं. दोघंही बरोबर असले की घरात सगळ्यात जास्त भांडी वाजतात. शेवटी हे वैतागून म्हणाले, वीक, पण मग माझ्याशी बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाला गाडी न्यायला आला, बॉनेट उघडलं, आणि जाऊबाईंना नाकच नाही! कार्बोरेटर गायब, वर यांचा दहाचा पानाही गायब.

त्यानंतर दोघांनी जे तोंड सोडलंत ते मी इथं सांगत नाही, यांचा हात दुखेल. यांना वाटलं, माझ्याशी बोलू नकोस म्हटलं म्हणून तुम्ही चिडून पळवला. तुम्हाला वाटलं, विक्री मोडायला यांनीच लपवला. दोघांनी शपथा घेतल्यात, दोघांनी एकमेकांना चोर म्हटलंत. चष्मेवाला चहा न पिताच गेला. चौथ्या दिवशी तुम्ही पेटी उचललीत. जाताना माझ्या पाया पडलात, यांच्याकडे बघितलंही नाहीत. यांनी दुसरा कार्बोरेटर कधी आणला नाही. त्यानं नेलाय, तोच आणून बसवेल, हे यांचं पालुपद. आणि पान्याचं तर विचारूच नका. आजही एखादा नट अडला की, माझा दहाचा पाना त्यानं नेला! घरात दहाचे सात पाने आहेत, भाऊजी. मी मोजलेत. मोजायला अक्षर लागत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते लिहिताना यांचं पेन थांबेल, म्हणून आधीच बजावते. अट म्हणजे अट. लिहा.

भाऊजी, कार्बोरेटर मी काढला.

थांबू नका, लिहा. त्या सकाळी मागच्या सीटची एक कड उसवलेली होती, गिऱ्हाइकासमोर बरं दिसेना म्हणून सीट माझ्या मशीनपाशी आणून ठेवली होतीत. तुम्ही दोघं आंघोळीला गेलात. दोन नट, एक नळी, एक तार. विद्या तुमचीच. मला गाडीचं काही नव्हतं हो. मला वाटलं, ही गाडी गेली की संध्याकाळचे दोन तास जातील, टण गेलं की टकही जाईल. दोन दिवस गाडी अडवायची, दोघांची डोकी निवली की काढून द्यायचा, एवढाच माझा हिशेब. म्हणून कार्बोरेटर चिंधीत गुंडाळला, पाना सोबत ठेवला, काथ्यात खोल खुपसला आणि वरून शिवून टाकलं. तुम्ही लोक लिहून ठेवता, मी दोऱ्यानं ठेवते. लाल शिवणीच्या आत खूण म्हणून हिरवा दोरा घातला. ती सीट तुम्ही दोघांनीच उचलून गाडीत बसवलीत, आणि तुम्ही म्हणालात, वहिनी, काथ्या जास्त भरलात वाटतं, जड झालीय.

दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण तोवर चोर शब्द निघून गेला होता, आणि तो माझ्यामुळे निघाला होता. मी आपली मशीन चालवत बसले. तुम्ही गेल्यावर पत्रातून कळवावं म्हटलं, तर माझी पत्रं लिहिणार कोण? हेच! फोन करावा तर हे शेजारी कान लावून. मास्तरीणबाईंकडून लिहवून घ्यावं, तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. वर्ष गेलं की दुसरं वर्ष आणखी अवघड. आणि रोज दुपारी हे कंबर धरून उठायचे, आणि मी तेल चोळायची. काय टोचतं ते मला माहीत होतं, भाऊजी. बावीस वर्षं हा माणूस कार्बोरेटरवर झोपला.

इथवर लिहून यांनी पेन खाली ठेवलं आणि उठून गेले. मला वाटलं, झालं, आता माझीच पेटी बांधायची. थोड्या वेळानं आले ते हातात माझी कात्री घेऊन. मीही गेले मागोमाग. दार उघडेना, तर काच फुटलेल्या खिडकीतून सीट ओढून काढली दोघांनी. यांना मी हात लावू दिला नाही, रेक्झिन फाडून ठेवतील. हिरवा दोरा तसाच होता. टाका टाका उसवत गेले. चिंधी निघाली, कार्बोरेटर निघाला, पाना निघाला. हे पाना हातात घेऊन त्या चेपलेल्या गाडीच्या पायरीवर बसले. मग आधी कंबर चोळली, आणि असे हसायला लागले, असे हसायला लागले, की मास्तरीणबाई धावत आल्या, टाकी डोक्यावरच पडली होती की काय म्हणून. हसता हसता डोळे पुसत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता पत्र का लिहिलं ते. त्या मंगळवारी चहा उकळायच्या आधी मी खोटी हाक मारली नसती, तर हे तुम्हाला चोर समजतच गेले असते. आणि रविवारी सीट टेम्पोत चढली असती, तर कुठल्या तरी परक्या गावात कुणीतरी उसवून म्हटलं असतं, ही कोण वेडी बाई! तसं नको. गाडी अर्धी तुमची आहे, सुटी करायची म्हणालात तर करू, माझी तक्रार नाही. पण माझं ऐकाल तर तिचं डोकं सरळ करू. छताचा पत्रा जाड आहे, वर येईल म्हणतात हे, फक्त आतून धरणारा पाहिजे. शनिवारी या. खऱ्या जाऊबाईंनाही आणा, त्यांना मी अजून धड पाहिलंही नाही. काय रागवायचं ते मला समोर बसून रागवा, मी सीट शिवत ऐकीन. हे आत्ता पत्र टाकायला जाताना मिशीवाल्याच्या दुकानावरून जाणार आहेत, टेम्पो तूर्त नको म्हणून सांगायला, चांगली वाकडी वाट करून. खाली दोन ओळींची जागा स्वतःसाठी मागून घेतलीय. काय लिहिणार, सांगत नाहीत. मला वाचता येत नाही हे पन्नास वर्षं माहीत असून हाताचा आडोसा करून बसलेत.

सही येत नाही, म्हणून कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे दोन टाके घातलेत.

तुमचीच,
नाक कापून घेतलेली वहिनी

दहाचा पाना सापडला. चूक माझी.
ठोकळा धरायला ये.