सही माझ्या हाताची

९ नोव्हेंबर, शनिवार

सही केली. मीच केली. आधी हेच लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही.

सुहासशेठच्या टेबलावर कागद तयारच होता. त्याच्या स्नॉर्केलिंगच्या बोटींची तिकिटं मी फाडते, काल सकाळी तिकिटांच्या खोपीत मीच होते, म्हणून साक्षीदार मी. कागदावर दोन वाक्यं. काल किनाऱ्यावर धोक्याचा लाल बावटा नव्हता. गाइड रेश्मा हिने पर्यटकाला पाण्यात एकटं सोडलं.

दोन्ही खोटं. बावटा होता. रेश्मा माझ्यासमोर शेठला म्हणाली, "पाण्याक ओढ आसा, आज नको." तर म्हणतो, "पुण्याचे पावणे आज परत जातले. तू उतरतलंस काय विशालाक उतरवू?" विशाल नवा गाइड, त्याला पाणी कळत नाही. म्हणून ती उतरली. पाहुण्याच्या मास्कमध्ये पाणी गेलं, त्याने घाबरून तिच्या गळ्यालाच मिठी मारली, दोघं खडकावर आपटली. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी तिची पाठ सोलून निघाली, तरी तिने त्याला सोडलं नाही.

पाहुणा हॉस्पिटलात. वाचला.

शेठने पेन पुढे केलं. "तुझो बापूस माझ्याच बोटीवर तांडेल आसा मा? मगे कर सय."

केली.

१० नोव्हें., रवि.

जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, पित्त झालंय.

मला पोहायला रेश्माने, माझ्या रे.ने, शिकवलं. मी आठ वर्षांची, ती नऊ. खाडीत माझ्या पोटाखाली हात धरायची आणि न सांगता काढून घ्यायची. मी ओरडले की हसायची, "अगो, कधीच सोडलंय!" आमच्या किनाऱ्यावर डायव्हिंगचं सर्टिफिकेट काढणारी ती पहिली मुलगी. आज तिचं काम थांबवलंय, चौकशी होईपर्यंत. चहाच्या टपरीवर एकजण म्हणत होता, "चेडवांका घेतत कित्याक ह्या कामाक?" मी तिथेच उभी. चहा संपवला.

कागदावर माझी सही आहे हे तिला अजून माहीत नाही.

१३ नोव्हें., बुध.

कळलं तिला. भर दुपारी खोपीसमोर आली. सदऱ्याखाली पट्टी, त्यामुळे ताठ चालत होती.

"सय तुझी?"

"होय."

वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं. माझ्याकडे बघितलं, वळली, गेली. रांगेतल्या बाईने विचारलं, "दोन मोठे, एक लहान, किती?" मी तिकिटं फाडली.

१५ नोव्हें., शुक्र.

त्या माणसाचं काय काय मला सहन होत नाही: मनगटातलं कडं टेबलावर आपटत बोलतो. सोलकढी पिऊन हात शर्टाला पुसतो. आज पाहुण्यांना सांगत होता, "सेफ्टी आमच्याकडे पहिली." माझ्याकडे बघून हसला. जणू मी त्याच्याच बाजूची.

त्याची ती नवी बोट. परवा दुपारी. सगळे जेवायला जातात तेव्हा टाकीत मूठभर वाळू. इंजिन बसेल. सीझनभर रडत बसेल मेला.

दोन दिवस हा एकच विचार. त्याने झोप मात्र चांगली लागते.

१७ नोव्हें., रवि.

गेले. ऊन कडक, किनाऱ्यावर कुत्रीसुद्धा सावलीला. पिशवीत वाळू. टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोलचा वास नाकात गेला. मूठ वर धरली.

आणि बसायच्या फळीवर विशालचा टॉवेल वाळत घातलेला दिसला.

तीनच्या फेरीला तो जाणार होता. बारा माणसं घेऊन. इंजिन मध्येच बंद पडलं तर खडकावर आपटणार ते विशाल आणि ती बारा माणसं. शेठ किनाऱ्यावर खुर्चीत बसून असणार.

झाकण लावलं. पिशवी पाण्यात झटकली. चांगुलपणा सुचला असं नाही. शेठला लागलं नसतं, एवढंच.

१९ नोव्हें., मंगळ.

बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात जाळं सांधत बसले होते. हात थांबले.

"कोणासाठी केलंस ह्यां?"

"तुमच्यासाठी. तुमची बोट जाईत म्हणून."

"माका इचारलंस?"

मी खाली बसले, जाळ्याचं टोक धरलं.

"तीस वर्सां सुकाणू धरतंय. माका बोट खंय पण गावतली." मग जाळ्याकडे बघत, "त्या चेडवाच्या पोटार पाय पडलो गो. लहानपणी आमच्या घराक जेवायची." त्यांना म्हणायचं होतं की ती पोरगी त्यांनाही आपली वाटते. नीट बोलता आलं नाही त्यांना. उठून आत गेले.

म्हणजे मी उगीचच सही केली. बाबांनी मागितलंच नव्हतं. भीती माझी एकटीची.

२१ नोव्हें., गुरु.

खरं काय घडलं ते सांगा म्हणायला पुण्याच्या पाहुण्याला तीन वेळा फोन. चौथ्यांदा बायकोने घेतला. "आम्हाला ह्यात पडायचं नाही. ते बरे आहेत, प्लीज फोन करू नका." ज्या हातांनी त्याला बाहेर काढलं त्यांचं नावही तिने विचारलं नाही. हिलाही लक्षात ठेवलंय.

२२ नोव्हें., शुक्र.

मालवणला, बंदरावरच्या ऑफिसात. बाबा बरोबर. साहेबांनी चष्मा काढला.

"आधी खोटं लिहून दिलंत, आता खरं लिहिताय. आम्ही कोणतं खरं धरायचं?"

"दुसरं."

"तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. कल्पना आहे?"

"आहे."

लिहिलं. दीड पान. बावटा, शेठचे शब्द, विशालचं नाव, पेन शेठने कसं पुढे केलं, सगळं. बाहेर आलो तर शेठ जिन्यात. त्याला कोणीतरी आधीच फोन केला असणार. तोंड पांढरं. कड्याचा हात खिशात.

खोटं कशाला लिहू, गोड लागलं. घरी येईपर्यंत तेच तोंड आठवत होते.

२५ नोव्हें., सोम.

बाबांना कामावर येऊ नको म्हणून निरोप. माझी नोकरी गेलीच. संध्याकाळी शेठ स्वतः अंगणात.

"चेडवाक बरा शिकवलंस रे!"

बाबा उठले नाहीत. "शिकवला. जरा उशिरा शिकला."

मी दारात उभी राहून तो गाडीत बसेपर्यंत बघत होते. आई म्हणाली, आत ये, नजर लागेल. लागू दे त्याला.

२८ नोव्हें., गुरु.

रे.च्या घरी गेले. आता तरी बोलेल असं धरून चालले होते. ती मागच्या पडवीत कपडे पिळत होती, एका हाताने, दुसरा खांदा अजून उचलत नाही. मी पिळू लागले तर बादली बाजूला ओढली.

"तू सायबाकडे गेलंस तां कळला."

"त्येका सोडूचंय नाय, रेश्मा. खुर्चीवरसून खाली ओढूचो आसा."

"तां बरा. पण तू तेका पाडूक गेलंस. माझ्यासाठी नाय."

"दोनय गो."

"आदी कित्यासाठी?"

मी दोरीवरचा चिमटा काढला, परत लावला. ती थांबली होती, खरंच थांबली होती. मग म्हणाली, "जा आता. आई येतली."

वाटेत रडले. रागाने. तिच्यावरसुद्धा.

३ डिसें., मंगळ.

ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, अपघाताच्या चौकशीची सुनावणी. हे बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं.

एसटीत रे. पुढच्या सीटवर होती. मागे वळली नाही. इथे शेठ आणि त्याचा वकील समोरच्या बाकावर. विशाल त्यांच्याबरोबर, नवीन शर्टात, मान खाली. तो काय सांगणार कोण जाणे.

मघाशी रे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी आसा?"

बाटली दिली. प्यायली. परत दिली नाही, मांडीवर धरून बसली.

शिपायाने तिचं नाव पुकारलं. ती बाटली घेऊनच आत गेली. पंधरा मिनिटं झाली, दार बंदच. तिच्यानंतर मी.

शेठ माझ्याकडे बघतोय. मीही बघतेय. आत्ता त्याने नजर खाली घातली. पुन्हा वर करेल तेव्हाही मी बघतच असेन.