नक्की कसं हलवलं

ता. ४
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. बाबांचा मफलर, माझे मोजे, बाळाचा फोटो. टपालहशिलाचेच बारा रुपये पडले, तेवढ्यात इथे आणखी लोकर आली असती. पण तुझ्या हातचं, म्हणून आधी देवापुढे ठेवलं आणि मगच यांच्या गळ्यात घातलं. आरशापुढून हलत नाहीत.

पत्रातली एक ओळ मात्र घशाखाली उतरत नाही. बाळ रडायचं थांबेना म्हणून जावईबापूंनी त्याला 'जरा हलवलं', तेव्हापासून ते ओकतं आणि नुसतं पडून असतं. अगं, पाळणा हलवतात, मांडीवर घेऊन हलवतात. त्याने मूल झोपतं, ओकत नाही. नक्की कसं हलवलं ते लिही. डॉक्टरांना दाखवलंस ना?

तुझी आई

ता. ९
ती. आईस शि. सा. न.

बाळ दवाखान्यातच आहे. पलंगावरून पडलं असं यांनी सांगितलं, मीही हो म्हटलं. पण डोक्याला टेंगूळ नाही, म्हणून डॉक्टरीणबाई फिरून फिरून तेच विचारतात.

आई, यांनी त्याला दंडांना धरून गदागदा हलवलं. मान मागेपुढे हिसडत होती. छापखान्यात पाळीवर पाळी झाली होती, डोळ्याला डोळा नव्हता. आता कोपऱ्यात बसून रडतात, पोलीस येतील म्हणतात. बाईंपुढे माझ्या तोंडून तो शब्द फुटत नाही. तू कुणाला सांगू नकोस.

तुझी धाकटी

ता. ११
चि. धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकलं नाही, बाबा घेऊन येताहेत. इथे सासूबाईंना उठवून बसवावं लागतं, नाहीतर मीच आले असते. सांगू नकोस म्हणालीस, तरी मी बाबांना सांगितलं. राग धर हवा तर.

जावईबापू दुष्ट नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण बाई पडलेल्या मुलावर उपचार करताहेत आणि आपलं मूल पडलेलं नाही. नुसतं 'हलवलं' म्हणू नकोस, त्या पाळणाच समजतील. दंडांना धरून, गदागदा, मान हिसडेपर्यंत, असं जसंच्या तसं सांग. जावईबापूंनी स्वतः सांगितलं तर उत्तमच. त्यांना म्हणावं, पुढचं आपण सगळे मिळून निस्तरू. तुम्हा दोघांनाही जमलं नाही, तर बाबा सांगणार आहेत.

देवापुढे बसते, पण तिथे दवाखान्यात खोटं सांगितलेलं असताना इथे मागायला तोंड उघडत नाही. कोणी सांगितलं आणि बाई काय म्हणाल्या, एवढं उलट टपाली कळव.

तुझी आई