मिस्टर बेअरपॉ यांची काही तक्रार नाही

प्रिय केलीन,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. सध्या तू मला तितकीशी प्रिय नाहीस. दोन आठवडे राग गिळून बसले होते, आज गिळवत नाही.

तुमच्या नर्सिंग कॉलेजची पांढरी व्हॅन अंगणात थांबली आणि एकसारखे निळे टी-शर्ट घातलेली तुम्ही आठ मुलं उतरलात. सकाळी आपल्या चेरोकी जमातीचं आरोग्य, दुपारी चेरोकींची संस्कृती, वेळापत्रकच छापलेलं! तुझ्या आजोबांनी दोन दिवस खपून हिकरीचे, त्या अक्रोडासारख्या फळांचे, गर कुटले होते, कनुचीचं सूप करायला. का, तर केलीनला आवडतं. आणि तू काय केलंस? फॉर्म उघडून म्हणालीस, "मिस्टर बेअरपॉ, तुमची तब्येत कशी आहे?" अगं, तुझी आई डॅलसला कामाला गेली तेव्हा तीन वर्षं तुझ्या वेण्या घालणारा माणूस तो. तो मिस्टर? मैत्रिणींसमोर आमची एवढी लाज वाटली?

मी वाडगे भरून आणले. तुमच्या बाई म्हणाल्या, "घरभेटीत खायचं नाही, नियम आहे." बाकीच्या सातजणांचं मी समजू शकते. पण तूही हात मागे घेतलास. आजोबा खुर्चीत ताठ बसले, तेव्हाच मला कळलं की त्यांनी तुला पाहुणी ठरवलं. आपल्याकडची म्हातारी माणसं पाहुण्याला काय सांगतात हे तुला मी शिकवायचं? त्याला अवघडेल असं काही बोलत नाहीत, आपलं दुखणं त्याच्या गळ्यात घालत नाहीत. "गोळ्या वेळेवर घेता ना?" हो. "गोड कमी केलंत ना?" हो. "पाय बरे आहेत ना?" हो, हो, सगळं छान. आणि तू लिहिलंस, 'काही तक्रार नाही.' मधुमेही माणूस, जूनच्या उकाड्यात घरात बूट घालून बसलेला, आणि नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला तो बूट काढून बघावासा वाटला नाही! आत जखम सडत होती.

चूक माझीही आहे. मलाही त्यांनी पाय दाखवला नव्हता, पण बूट मला दिसत होते. मी तिथेच ओरडायला हवं होतं. चारचौघांत तुझा पाणउतारा करवेना. वाटलं, संध्याकाळी एकटी परत येईल, खाईल, मग बघू. संध्याकाळपर्यंत तुम्ही संस्कृती म्हणून टोपल्या विणत होतात. फोटो पाहिला मी. तुझी टोपली वाकडी झाली आहे.

शुक्रवारी त्यांना ताप भरला. क्लिनिकमधला डॉक्टर पोरगा भला आहे, पण परका आहे. तो म्हणाला, मंगळवारी पाऊल कापायलाच हवं, नाहीतर जीव जाईल. आजोबा म्हणाले, "बरं, डॉक्टर." नर्सलाही बरं, पास्टरलाही बरं. मी विचारलं तर मला म्हणाले, "तू नको गं काळजी करू, वर्ना." आणि काल शेजारच्या रूफसला सांगत होते, "मंगळवारी पहाटे ये, मासे धरायला जाऊ." डॉक्टर निर्धास्त आहे. त्याला वाटतंय, म्हातारा तयार झाला.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र रूफसच्या हाती देते आहे. तो तुमच्या टल्साला येतोय, त्याच्याच गाडीत बसून ये. अख्ख्या जगात ते तोंडावर भांडतात ते एका तुझ्याशीच. नऊ वर्षांची असताना तू औषध थुंकलीस, तेव्हा दोघांनी इतका आरडाओरडा केला होता की कुत्रं घराबाहेर पळालं. ये आणि तसंच भांड. तुलाही ते आधी गोड हसून 'बरं' म्हणतील. ऐकू नकोस, उठूही नकोस. ते तुझ्यावर खेकसून 'नाही' म्हणेपर्यंत बसून राहा. एकदा ते तुला 'नाही' म्हणाले की पुढचं भांडण तूच जिंकशील. मला ते जमत नाही गं. मी त्यांची मुलगी असूनही मला ते 'बरं'च म्हणतात.

रागावलेली, तरीही तुझीच,
वर्ना मावशी