टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

कुमुद,

आपल्या छोट्या होडीची, डिंगीची मोटर चालू झाली! सांगायला घरी आलो, तर तू बाजारात.

दर दोन मिनिटांनी बंद पडते म्हणून महिनाभर मी प्लग घासला, कार्बोरेटर धुतला आणि तुझं डोकं खाल्लं. परवा तू म्हणालीस, "तेलाच्या डब्यालाही हवेसाठी दुसरं भोक पाडतात." मी इंजिनियर, म्हणून हसलो. तेव्हापासून तू बोलत नाहीस, ते बरोबरच आहे.

आज सकाळी जेटीवरच्या काळूराम नावाड्याने पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला. मोटर अर्धा तास एकदाही बंद पडली नाही. मग तुझ्या डब्याचं मी त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "मंग वयनी आल्याशिवाय होडी सुटायची नाय."

अकराला भरती आहे. जेटीवर लवकर ये. तो मला होडीत बसूही देत नाही.

प्रभाकर